बारा मिनिटांत घरातलं गुपित : कोल्हापुरात कौटुंबिक लघुपट कसा करावा

घरातल्या गुपितावरचा लघुपट बहुतेक वेळा चौथ्या-पाचव्या मिनिटाला हातातून निसटतो. कुणीतरी खिडकीपाशी पाठमोरं उभं राहतं आणि वीस वर्षांपूर्वी काय घडलं ते तोंडानं सांगून टाकतं. मागं बासरी वाजते, पुढं रडणं होतं, संपलं. वास्तविक बघणाऱ्याचा जीव गुपितात फारसा अडकत नाही. गुपित माहीत असूनही शेजारी बसून भाकरी मोडणाऱ्या माणसात तो अडकतो. म्हणून इथं दिलेली सगळी पद्धत एका प्रश्नाभोवती बांधली आहे : कोणाला काय, कधी कळतं? कथा निवडण्यापासून माइक लावण्यापर्यंत आणि संकलनातल्या प्रत्येक कापापर्यंत हाच प्रश्न विचारत राहायचा.

कोल्हापूरला हे नवं नाही. बाबूराव पेंटरांचा ‘सावकारी पाश’ १९२५ सालचा. सावकाराच्या कचाट्यात सापडून जमीन गमावणाऱ्या शेतकऱ्याची ती गोष्ट मूकपटात सांगितलेली होती. सगळं दुःख दिसण्यातून पोचवायचं होतं. लघुपट करणाऱ्यानं स्वतःला तीच अट घालून बघावी. संवाद बंद केले तर गोष्ट किती उरते?

गुपित निवडताना

तीन कसोट्या लावा. पहिली, गुपिताला हातात धरता येईल अशी वस्तू आहे का? दुसरी, ते उघड झालं तर आजच्या आज कुणाचं तरी नुकसान होणार आहे का? तिसरी, ते आधीपासून माहीत असलेलं माणूस त्या घरात वावरतंय का? तिन्हींना ‘हो’ आलं तर बारा मिनिटांत गोष्ट मावते. दुसरीला ‘नाही’ आलं तर तुमच्याकडे आठवण आहे, नाट्य नाही.

पुढं समजावण्यासाठी एकच उदाहरण धरू. वडील वारलेत. लग्न होऊन गेलेली थोरली बहीण माहेरी आली आहे. धाकट्या भावाला तिची हक्कसोडपत्रावर सही हवी आहे. वारस नोंदीच्या कागदात तिला एका अनोळखी बाईचं नाव दिसतं. भावाला ते नाव माहीत आहे. आईलाही.

ही कथा आपल्या भागात चपखल बसते, कारण इथं गुपितं कागदातून बाहेर पडतात. सातबारा, फेरफार, रेशन कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, जुनं विम्याचं पुस्तक. वारसाची नोंद करायची तर तलाठ्याकडे अर्ज जातो, गाव नमुना ६-क मध्ये नोंद होते, मग फेरफार पडतो आणि त्यानंतर सातबाऱ्यावर नावं चढतात. २००५ च्या कायदादुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला, म्हणूनच तर भावाला तिची सही लागते. हा क्रम लेखकाला पाठ हवा. वकील चष्मा सावरत मृत्युपत्र वाचतोय आणि सगळं कुटुंब सोफ्यावर बसलंय, हे दृश्य आपल्या घरांत घडत नाही. आपल्याकडे कागद प्लॅस्टिकच्या फायलीत, लाइट बिलांच्या खाली, कपाटातल्या साडीच्या घडीत असतात.

कागद तयार करताना दोन गोष्टी सांभाळा. आजच्या काळातल्या गोष्टीत हातानं लिहिलेला ताजा सातबारा दाखवला तर करवीर-कागलचा प्रेक्षक तिथंच हसतो. आता उतारा संगणकावरचा, डिजिटल सहीचा असतो. आणि कुणाच्या खऱ्या उताऱ्याची नक्कल वापरू नका. नावं, गट क्रमांक सगळं काल्पनिक ठेवा, शिक्का अर्धवट किंवा बोटाखाली झाकलेला दाखवा.

लपवलेल्या प्रेमाची गोष्ट असेल तर दोघं रंकाळा तलावावर कुठं बसतात यापेक्षा तो दुचाकी तिच्या घरापासून किती चौक अलीकडे थांबवतो ते जास्त सांगतं.

‘मी कोण’ या ओळखीच्या, विशेषतः लिंगभावाच्या गोष्टीत कोल्हापूरची भाषा एक वेगळी अडचण उभी करते. इथं अनेक बायका सहज ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात. मुलीच्या तोंडचं ‘मी आलो’ पुण्यातल्या प्रेक्षकाला खूण वाटेल. इथल्या माणसाच्या कानाला ते लागणारही नाही. त्यामुळे उलगडा त्या क्रियापदावर टांगू नका. आई हाक मारताना ‘गं’ म्हणते की ‘रं’, शाळेच्या दाखल्यावरचं नाव घरात कोण घेतं आणि कोण टाळतं, खूण तिथं ठेवा. बाहेरून आलेल्या अभिनेत्रीला ‘आले’चं ‘आलो’ करायला लावणार असाल तर आठवडाभर आधी सांगा. सेटवर सांगितलेली बोली तोंडात उपरी वाटते.

गोष्ट कुणाच्या खऱ्या घरातली असेल तर त्या माणसाची लेखी संमती घ्या. ती मिळणार नसेल तर पेठ, व्यवसाय, नातं आणि मृत्यूचं कारण हे चारही बदला. नुसतं आडनाव बदलून गल्लीतली माणसं फसत नाहीत.

पटकथा आणि ‘कळण्याचा तक्ता’

पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट, हा हिशेब मराठीत हाताने लिहिलेल्या पानाला लागू पडत नाही. घड्याळ लावून मोठ्यानं वाचा, आणि जिथं पात्र गप्प आहे तिथं तेवढा वेळ खरोखर गप्प राहा. बारा मिनिटांचा लघुपट वाचनात साडेदहा-अकरा मिनिटांचा भरला पाहिजे.

मग एका मोठ्या कागदावर तक्ता आखा. आडव्या ओळीत दृश्यं. उभ्या रकान्यांत बहीण, भाऊ, आई, आणि शेवटचा रकाना प्रेक्षकाचा. प्रत्येक चौकटीत एवढंच लिहायचं : या दृश्याच्या शेवटी याला काय माहीत आहे? तक्ता भरताना दोन रोग लगेच दिसतात. सलग तीन दृश्यांत कुणाच्याच चौकटीत बदल नसेल तर त्यातली दोन दृश्यं काढता येतात. आणि प्रेक्षकाचा रकाना कायम बहिणीच्या बरोबरीनं चालत असेल तर तुमच्याकडे फक्त धक्का आहे, ताण नाही. ताण हवा असेल तर प्रेक्षकाला बहिणीच्या एक दृश्य आधी कळू द्या. भाऊ फाइलमधला एक कागद काढून देव्हाऱ्याच्या फळीखाली सरकवतो, हे आपण बघतो. नंतर बहीण तिथंच निरांजन लावायला जाते. एक शब्द न बोलता दीड मिनिट श्वास धरून बसता येतं.

पूर्वदृश्य, म्हणजे फ्लॅशबॅक, शक्यतो घेऊच नका. त्यासाठी तरुणपणीचे वेगळे कलाकार, वेगळे कपडे, वेगळं घर लागतं, आणि इतकं करून तक्त्यातली फक्त एक चौकट भरते.

संवाद लिहून झाले की प्रत्येक दृश्यातलं पहिलं आणि शेवटचं वाक्य खोडून बघा. दहापैकी सात वेळा दृश्य सुधारतं. सहीच्या प्रसंगाचं मर्म एवढ्यात येतं :

“आक्का, हितं कर सही.”
“चष्मा आण माझा.”
“वाचायचं काय त्यात? कागदच हाय.”
“म्हणूनच आण.”

यापुढं ‘तू माझ्यापासून काय लपवतोयस’ असं वाक्य आलं की वरच्या चार ओळी वाया जातात.

जागा आणि परवानग्या

शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, गंगावेश या भागांतल्या जुन्या घरांत सोपा (म्हणजे पुढची बसायची जागा), माजघर, स्वयंपाकघर आणि मागं परडं असं सरळ रेषेत असतं. गुपिताच्या गोष्टीला ही रचना फार उपयोगी पडते. माजघरात उभं राहून सोप्यावरचं बोलणं ऐकू येतं, पण बोलणारा दिसत नाही. कोण कुठं उभं राहून काय ऐकतं, हे घर बघतानाच तक्त्यावर लिहा.

रेकीला, म्हणजे जागा आधी बघायला, जाताना चित्रीकरणाच्या वेळीच जा आणि पंधरा मिनिटं डोळे मिटून बसा. तालीम मंडळाचा भोंगा, शेजारची गिरणी, भांडी घासण्याची मोरी, दुपारी सुटणारी शाळा यांची वेळेसह यादी करा. घराचा मीटर किती वीज सोसतो ते पाहा. जुन्या वायरिंगवर हजार वॉटचा दिवा आणि इस्त्री एकदम लावली की फ्यूज उडतो. एलईडी दिवे वापरलेत तर हा प्रश्न बहुतेक मिटतो.

जून ते सप्टेंबर बाहेरचं चित्रीकरण ठेवू नका. पावसाचा आवाज कौलांवर इतका असतो की आतले संवादही हाती लागत नाहीत, आणि पंचगंगेचं पाणी वाढलं की नदीकाठचं नियोजन कोलमडतं. २०१९ आणि २०२१ चे महापूर सगळ्यांच्या लक्षात आहेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. अंबाबाई मंदिराच्या आसपास नवरात्रात आणि किरणोत्सवाच्या दिवसांत छोट्या युनिटनंही जाऊ नये.

सार्वजनिक रस्ता, बाग, रंकाळ्याचा काठ यासाठी महापालिकेला अर्ज आणि हद्दीतल्या पोलीस ठाण्याला पत्र द्या. मंदिर आवारासाठी देवस्थान समिती, पन्हाळ्यासाठी पुरातत्त्व खातं, स्टेशनसाठी रेल्वे. ड्रोन उडवण्यापूर्वी सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ या ड्रोन नकाशावर जागा कोणत्या रंगाच्या पट्ट्यात येते ते तपासा. उजळाईवाडीचा विमानतळ जवळ आहे. खासगी घर असलं तरी मालकाची एका पानाची सही घ्या : तारखा, वेळ, कोणत्या खोल्या, नुकसान झाल्यास भरपाई, आणि चित्रण दाखवण्यास संमती.

पात्रात लहान मूल असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मुलाकडून दिवसात पाच तासांपेक्षा जास्त आणि सलग तीन तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही, आणि त्याच्या मानधनातला किमान २० टक्के भाग त्याच्या नावे मुदत ठेवीत टाकावा लागतो.

गुऱ्हाळात चित्रीकरण करायचं असेल तर

कष्टाच्या गोष्टी कोल्हापुरात गुऱ्हाळाकडे ओढल्या जातात, आणि नवख्या युनिटची सर्वात जास्त फजिती तिथंच होते. रस काहिलीत पडल्यापासून गूळ उतरेपर्यंत एका आधणाला, म्हणजे एका खेपेला, साधारण अडीच-तीन तास लागतात. पाक वाफ्यात, म्हणजे गूळ थंड करायच्या पसरट भांड्यात, ओतण्याचा क्षण दिवसात दोन-तीनदाच मिळतो, आणि गूळ करणारा गुळव्या तुमच्या कॅमेऱ्यासाठी थांबू शकत नाही. थांबला तर गूळ करपतो. म्हणून पहिल्या आधणाला कॅमेरा काढूच नका, नुसतं बघा आणि वेळा लिहा. दुसऱ्याला लांबचे शॉट, तिसऱ्याला कलाकारासह जवळचे.

थंड गाडीतून काढलेली लेन्स वाफेजवळ नेली की पांढरी होते. अर्धा तास आधी कॅमेरा बाहेर उघडा ठेवा, पुढं साधा काचेचा फिल्टर लावा, दर दहा मिनिटांनी पुसा. चिपाडाची राख लेन्स बदलताना आत जाते. लेन्स गाडीत बसूनच बदला. उसाचा चरक चालू असताना संवाद मिळत नाहीत. त्याचा आवाज वेगळा दोन मिनिटं टिपून ठेवा आणि संवाद चरक बंद झाल्यावर घ्या. कलाकाराला उकळत्या काहिलीच्या हातभर जवळही जाऊ देऊ नका. जवळ आहे असं लांब लेन्सनं दाखवता येतं.

कॅमेरा आणि उजेड

आपली वीज ५० हर्ट्झची. सेकंदाला २४ चौकटी ठेवा, कारण चित्रपटगृहासाठीची डिजिटल (डीसीपी) प्रत करताना हाच वेग सर्वात बिनघोर चालतो. पण शटर १/५० वर कुलूपबंद करा. १/४८ किंवा १/६० ला ट्यूबलाइटची थरथर येऊ शकते. उन्हात शटर वाढवून उजेड कमी करू नका, उजेड कमी करणारा गडद काचेचा एनडी फिल्टर लावा. मोबाइलवर चित्रीकरण करणार असाल तर चौकटींचा वेग स्थिर ठेवणारं अ‍ॅप वापरा. मोबाइलचा स्वतःचा कॅमेरा वेग कमी-जास्त करत राहतो आणि चार मिनिटांनंतर ओठ आणि आवाज जुळत नाहीत.

दहा बाय बाराच्या माजघरात ३५ आणि ५० मिलिमीटरच्या लेन्स पुरतात. अतिविस्तृत लेन्सनं खोली मोठी दिसते पण कडेचे चेहरे ताणले जातात. उजेडासाठी घरातली ट्यूब बंद करा, दाराबाहेर एक एलईडी ठेवून तो मांजरपाटाच्या पडद्यातून आत सोडा. समोरच्या बाजूला थर्माकोलचा तक्ता. त्याची एक बाजू काळी रंगवा. गुपित ठेवणाऱ्या माणसाच्या अर्ध्या चेहऱ्यावरचा उजेड काढून घ्यायला ती कामी येते. देव्हाऱ्यातला पिवळा दिवा आणि दाराचा निळसर उजेड एकत्र येणार असेल तर रंगतोल (व्हाइट बॅलन्स) एकदा ठरवून पक्का करा, कॅमेऱ्याच्या ‘ऑटो’वर सोडू नका. पांढरी टोपी आणि धोतर असेल तर उजेड टोपीवरून मोजा. टोपी जळाली, म्हणजे जास्त उजेडानं नुसती पांढरी झाली, तर रंगसंस्करणात परत येत नाही, चेहरा थोडा काळोखा असेल तर उचलता येतो.

कॅमेरा कुठं ठेवायचा? तक्ता बघा. दृश्यात ज्याला काहीतरी नव्यानं कळतं त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, त्याच्या जवळ. माहीत असलेला माणूस लांब, दाराच्या चौकटीत. सजेशन, म्हणजे एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याचा शॉट, घेताना तिसऱ्या माणसाची, म्हणजे आईची, नजर कोणत्या बाजूला आहे ते लिहून ठेवा. तिघांच्या दृश्यात नजरेची रेषा चुकण्याचं कारण कायम तीच असते.

आवाज

चित्र थोडं कमी असलं तर प्रेक्षक सोसतो, आवाज कमी असला तर उठून जातो. भाड्याचे पैसे कमी पडत असतील तर लेन्स साधी घ्या पण ध्वनिमुद्रणाला स्वतंत्र माणूस ठेवा.

बूम माइक कपाळाच्या वर दीड फुटावर, टोक छातीकडे. ध्वनी ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर. साधं बोलणं उणे १८ ते उणे १२ डेसिबलच्या मधे राहू द्या. ओरडण्याचा प्रसंग असेल तर आधी तालमीत मोजून पातळी उतरवा. छोटा माइक पदराखाली लावला तर काठाची खरखर येते. तो ब्लाउजच्या कडेला आतून कागदी वैद्यकीय चिकटपट्टीनं लावा. कोल्हापुरी साज किंवा मंगळसूत्राचे मणी माइकवर आपटतात, त्यांना मागून पट्टीचा तुकडा लावा. काचेच्या बांगड्यांमधे केसांचे दोन रबर घातले की किणकिण थांबते. हातानं कागद उलगडण्याचा आवाज मात्र हवा आहे. तो वेगळा, जवळून, पाच-सहा वेळा टिपा. या गोष्टीत तोच सर्वात मोठा आवाज आहे.

पंखा बंद. फ्रीज बंद, आणि गाडीची किल्ली फ्रीजमध्ये ठेवा, म्हणजे जाताना तो चालू करायचा राहत नाही. प्रत्येक खोलीत सगळी माणसं जागेवर असताना एक मिनिट शांतता मुद्रित करा. संकलनात सांधे भरायला तीच लागते. ‘डबिंगमध्ये बघू’ हे वाक्य सेटवर बंद करा. रडू आवरत बोललेलं वाक्य बंद खोलीत माइकसमोर परत तसं येत नाही.

शेजारच्या टीव्हीचं किंवा रेडिओचं गाणं मागं चालू असेल तर ते बंद करायला लावा. ते चित्रात आलं की हक्कांचा प्रश्न येतो आणि संवादाखालून काढता येत नाही.

कलाकार आणि चित्रीकरणाचे दिवस

कोल्हापुरात नाटकाच्या तालमीत घडलेले चांगले कलाकार भरपूर मिळतात. त्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची सवय झालेली असते. त्यांना ‘कमी करा’ म्हणू नका, त्यानं ते बुजतात. ‘आई आत झोपली आहे’ असं सांगा. आवाज आपोआप खाली येतो आणि चेहराही.

तीन तालमी पुरेत. एक टेबलावर, दोन त्याच घरात. आईचं काम करणाऱ्या बाईंना त्या स्वयंपाकघरात खरंच एकदा भाकरी थापू द्या, नाहीतर डबा शोधताना हात अडखळतो आणि घर तिचं वाटत नाही. रडण्याच्या किंवा फुटण्याच्या प्रसंगात आधी मास्टरची, म्हणजे अख्ख्या दृश्याच्या लांबच्या शॉटची, नुसती तालीम घ्या, मग थेट जवळचा शॉट. मास्टर शेवटी. उलट केलं तर चौथ्या टेकपर्यंत कलाकाराचं पाणी आटलेलं असतं.

बारा मिनिटांच्या पटकथेला तीन दिवस, रोज चार मिनिटांचं काम, आणि अर्धा दिवस राखीव. पहिल्या दिवशी मूक कामं आणि ये-जा. सहीचा प्रसंग दुसऱ्या दिवशी सकाळी, सगळे ताजे असताना. गुऱ्हाळ असेल तर तिसऱ्या दिवशी. दुपारच्या जेवणात तांबडा-पांढरा रस्सा ठेवला तर तीननंतरचे शॉट जड होतात. तो पॅक-अपच्या रात्री ठेवा.

रोज रात्री चित्रण दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवा, दोन्ही एका पिशवीत ठेवू नका. सेकंदाला १०० मेगाबिटच्या नोंदीला तासाला साधारण ४५ जीबी लागतात, म्हणजे एकास आठ प्रमाणात (एका मिनिटासाठी आठ मिनिटं चित्रण) घेतलेल्या बारा मिनिटांना सुमारे ७२ जीबी. दोन्ही प्रती उघडून बघितल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही.

संकलन ते प्रदर्शन

पहिली जुळणी अठरा-वीस मिनिटांची होते, घाबरू नका. संगीत न लावता बारापर्यंत आणा. मग गोष्ट माहीत नसलेल्या पाच जणांना दाखवा, त्यातले दोघं तरी पन्नाशीच्या पुढचे असू द्या. आवडलं का, असं विचारू नका. ‘कागदावर कुणाचं नाव आहे ते तुम्हाला नक्की कधी कळलं?’ एवढंच विचारा आणि उत्तर तक्त्याशी ताडा. पाचपैकी तिघांना ठरवल्यापेक्षा आधी कळत असेल तर आईच्या चेहऱ्यावरचा एखादा शॉट लांबलाय, तो आठ-दहा चौकटींनी कापा. कुणालाच कळत नसेल तर कागदाचा जवळचा शॉट तीन सेकंद ठेवा; नाव दोनदा वाचता आलं पाहिजे.

इंग्रजी उपशीर्षकं एका वेळी दोन ओळींहून जास्त नकोत, ओळीला चाळीसेक अक्षरं. ‘आक्का’चं भाषांतर करू नका, तसंच ठेवा.

तिकीट लावून किंवा सार्वजनिक प्रदर्शन करायचं तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं. राष्ट्रीय पुरस्कारासाठीही ते लागतं. महोत्सव आपल्या खेळांसाठी वेगळी सूट घेतात. अनेक महोत्सव आधी इंटरनेटवर टाकलेला लघुपट घेत नाहीत, त्यामुळे वर्षभर तरी यूट्यूबचा मोह आवरा. कोल्हापूर, पुणे आणि मुंबईच्या महोत्सवांचे नियम वाचून आधी लांबीची कमाल मर्यादा बघा. ऑस्करच्या लघुपट विभागात ती नामावलीसह ४० मिनिटं आहे, पण निवड करणाऱ्यांना खेळ बसवायला पंधराच्या आतली चित्रं सोपी जातात. नामावली तीस सेकंदांत संपवा, त्यात घरमालकाचं आणि गुळव्याचं नाव त्यांना विचारून, त्यांच्या सांगण्याप्रमाणे लिहा. अंतिम फाइलच्या तीन प्रती ठेवा : उपशीर्षकांसह, उपशीर्षकांविना, आणि संवाद, संगीत व इतर आवाज वेगवेगळ्या पट्ट्यांवर असलेली. दोन वर्षांनी कुणी दुसऱ्या भाषेत मागितला तर हीच तिसरी प्रत लागते.